नजर कुठे थांबते: पोहण्याचा पोशाख, पादत्राणे आणि शरीराची ठेवण

रोजच्या कपड्यांमध्ये चूक सामावून जायला बरीच जागा असते. कापड सैल असते, घड्या पडतात, एकावर एक थर असतात, आणि एखादी शिवण दोन बोटे इकडेतिकडे झाली तरी ती कोणाच्या लक्षात येत नाही. पोहण्याच्या पोशाखाला ही सवलत नसते. तो अंगाला चिकटून बसतो आणि त्याच्यात मोजून चारपाच रेषा असतात: गळ्याची, खांद्यावरच्या पट्ट्यांची, कमरेची आणि मांडीजवळच्या काठाची. या रेषा शरीरावर नेमक्या कुठे येतात, यावरच तो पोशाख शोभतो की नाही हे बहुतांशी ठरते. मांडीच्या काठापासून खाली पाय उघडा असतो, तो थेट पादत्राणापर्यंत. म्हणजे पायाच्या दिसणाऱ्या लांबीचे वरचे टोक पोशाख ठरवतो आणि खालचे टोक पादत्राण ठरवते. या दोन वस्तू बहुतेक जण वेगवेगळ्या दिवशी, एकमेकींचा विचार न करता विकत घेतात. त्या एकत्र निवडाव्यात, असे मला आवर्जून सांगावेसे वाटते.

‘शोभणे’ हा शब्द येथे मर्यादित अर्थाने वापरला आहे. पाहणाऱ्याची नजर शरीरावरून सलग फिरावी आणि ती कुठे थांबावी हे पोशाख घालणाऱ्याने स्वतः ठरवलेले असावे, एवढाच त्याचा अर्थ. बारीक दिसणे हे प्रत्येकाचे ध्येय असते असे मी मानत नाही. कोणाला खांदे भरदार दिसायला हवे असतात, कोणाला उंची अधिक दिसायला हवी असते, आणि कोणाला फक्त पोहताना पोशाख जागेवर राहायला हवा असतो. तंत्र मात्र सगळ्यांसाठी एकच आहे.

डोळा शरीराची रुंदी सेंटिमीटरमध्ये मोजत नाही. तो कडा शोधतो आणि कडांवरून अंदाज बांधतो. जिथे रंग अचानक बदलतो, गडद कापड संपून त्वचा सुरू होते किंवा आडवी पट्टी शरीराला छेदते, तिथे नजर क्षणभर थांबते आणि त्या जागेची रुंदी लक्षात राहते. पोशाखाचा काठ शरीराच्या सर्वांत रुंद जागी आला, तर तीच रुंदी ठळक होते. तो थोडा वर किंवा थोडा खाली सरकला, तर ती जागा नजरेतून सहज निसटते. गडद रंगाची वस्तू तेवढ्याच आकाराच्या फिकट वस्तूपेक्षा किंचित लहान भासते, हा डोळ्याचा जुना परिचित भ्रम आहे, आणि काळ्या पोशाखाची कीर्ती बरीचशी त्यावर उभी आहे. पण काळ्या रंगाने आकार लहान भासतो तसा त्याचा काठही अधिक तीव्र दिसतो, विशेषतः उजळ त्वचेवर. त्यामुळे चुकीच्या जागी संपणारा काळा पोशाख चुकीच्या जागी संपणाऱ्या निळ्या पोशाखापेक्षा अधिक बोचतो.

आडव्या पट्ट्यांनी माणूस जाड दिसतो, ही समजूत तर इतकी पक्की आहे की तिच्यावर थोडे थांबायला हवे. जर्मन शास्त्रज्ञ हेर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यांनी एकोणिसाव्या शतकातच नोंदवले होते की आडव्या रेषांनी भरलेला चौरस तेवढ्याच उभ्या रेषांच्या चौरसापेक्षा उंच आणि अरुंद भासतो. इंग्लंडमधील यॉर्क विद्यापीठातील पीटर थॉम्पसन आणि किरियाकी मिकेलिडू यांनी २०११ मध्ये हा भ्रम कपड्यांच्या संदर्भात तपासला. आडव्या पट्ट्यांचा आयत उभ्या पट्ट्यांच्या चौरसाइतका रुंद भासावा यासाठी तो ४.५ टक्के अधिक रुंद करावा लागला, आणि आडव्या पट्ट्या जाड दाखवतात या समजुतीला त्यांच्या प्रयोगांत आधार मिळाला नाही. मात्र पोहण्याच्या पोशाखाबाबत एक भर घालावी लागते. ताणलेल्या कापडावरच्या पट्ट्या शरीराच्या उंचवट्यांवरून वळतात, आणि पट्टी वळली की तिच्याखालचा उंचवटा वाचता येतो. सारख्या अंतरावरच्या बारीक आडव्या पट्ट्यांचे भय बाळगण्याचे कारण नाही. पण नितंबांवर एकच रुंद, उठावदार पट्टा असेल तर तो तिथे काठासारखाच काम करतो आणि नजर तिथेच अडवतो.

आता मापांकडे वळू. बहुतेक लोक छाती, कंबर आणि नितंब ही तीन मापे घेऊन थांबतात. अखंड पोशाख, म्हणजे वन-पीस, घ्यायचा असेल तर चौथे माप या तिघांइतकेच महत्त्वाचे ठरते. खांद्याच्या मध्यापासून फीत खाली सोडायची, छातीवरून पोटावर आणावी, दोन्ही मांड्यांमधून पाठीमागे न्यावी आणि पाठीवरून पुन्हा त्याच खांद्यावर आणावी. हा पूर्ण वेढा म्हणजे धडाची लांबी. दोन व्यक्तींची छाती, कंबर आणि नितंब तंतोतंत सारखे असूनही हा वेढा कित्येक सेंटिमीटरनी वेगळा असू शकतो. ज्यांचे धड लांब आहे त्यांच्या खांद्यात पट्टे रुततात, मागचा काठ वर चढतो आणि छातीची जागा खाली ओढली जाते; त्या आपल्याला ‘मोठा आकार’ लागतो असे समजतात आणि मग तो आडव्या बाजूने ढगळ होतो. ज्यांचे धड आखूड आहे त्यांच्या पोटावर कापडाच्या आडव्या सुरकुत्या पडतात आणि त्या सुरकुत्यांचा दोष विनाकारण पोटाला दिला जातो. माझ्या मते वन-पीसबद्दलच्या निम्म्याहून अधिक तक्रारी रुंदीच्या नसून या लांबीच्या असतात. उपाय दोनच आहेत: लांब धडासाठी वेगळा कापलेला पोशाख शोधणे किंवा सरळ दोन भागांचा पोशाख घेणे.

शरीराच्या ठेवणीची फळांवरून आणि वस्तूंवरून पडलेली नावे सर्वांना ठाऊक आहेत, आणि त्यांत वाळूच्या घड्याळासारखा बांधा हाच आदर्श मानला जातो. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्य विद्यापीठाने २००० नंतरच्या दशकात सहा हजारांहून अधिक स्त्रियांच्या शरीरमापांचा अभ्यास केला, तेव्हा असा बांधा सुमारे ८ टक्के स्त्रियांचाच आढळला. सुमारे ४६ टक्के स्त्रियांचा बांधा सरळ, आयताकृती होता. म्हणजे ज्याला आदर्श म्हणून मांडले जाते, तो मोजक्यांचा बांधा आहे. शिवाय पुष्कळ लोक कोणत्याच एका चौकटीत नीट बसत नाहीत. म्हणून ‘मी कोणत्या आकारात मोडते’ यापेक्षा ‘माझ्या शरीरावर सर्वांत रुंद जागा कोणती, सर्वांत निमुळती कोणती, आणि धड व पाय यांचे प्रमाण काय’ हे तीन प्रश्न आरशासमोर विचारणे अधिक उपयोगी आहे.

नितंब आणि मांड्या खांद्यांपेक्षा रुंद असतील तर पहिली इच्छा होते ती मांड्या झाकण्याची. त्यासाठी चड्डीसारखा सरळ, खाली उतरलेला काठ किंवा घेरदार झालर निवडली जाते, आणि नेमकी ती मांडीच्या सर्वांत भरलेल्या जागी आडवी संपते. या बांध्यासाठी मांडीचा काठ थोडा वर, कंबरेच्या हाडाच्या दिशेने तिरका गेलेला असावा. असा काठ रुंदीला तिरका छेद देतो आणि पाय वरपर्यंत लांब दिसतो. पहिल्यांदा घालताना हे उलटेच वाटते, पण आरशापासून चार पावले मागे जाऊन पाहिले की फरक दिसतो. वरच्या भागात फिकट रंग, नक्षी, रुंद गळा किंवा खांद्यालगतची झालर घेतली की खांद्यांना रुंदी मिळते आणि दोन्ही टोके जुळतात. नितंबांच्या बाजूला मोठ्या गाठी मात्र टाळाव्यात.

खांदे रुंद आणि नितंब अरुंद असतील तर हाच हिशेब उलटा करायचा. होडीच्या आकाराचा आडवा गळा आणि खांदे उघडे टाकणारा आडवा काठ रुंदी वाढवतात. इंग्रजी व्ही अक्षरासारखा खोल गळा आणि उभे पट्टे ती दुभागतात. खालच्या भागात उजळ रंग, नक्षी, बाजूच्या गाठी, झालर यांना येथे मोकळीक आहे. अर्थात पोहून कमावलेले रुंद खांदे ज्यांना मिरवायचे आहेत त्यांनी पाठीवर पट्टे एकत्र येणारा क्रीडा-पोशाख निःसंकोच घालावा. खांद्यांची रेषा इतकी स्पष्ट दुसरा कोणताही पोशाख दाखवत नाही.

सरळ बांध्याला कंबर ‘निर्माण’ करण्याचा सल्ला नेहमी दिला जातो. बाजूंना गडद आणि मध्ये फिकट कापड, तिरक्या चुण्या, कमरेवरचा पट्टा किंवा बाजूची कापलेली जागा यांनी तो आभास खरोखर निर्माण होतो. पण हा सल्ला बंधनकारक मानू नये. एका रंगाचा, साध्या कापाचा पोशाख या बांध्यावर जितका नेटका दिसतो तितका इतर कोणत्याही बांध्यावर दिसत नाही, आणि ती सरळ, स्वच्छ रेषा हेच त्याचे सौंदर्य आहे असे माझे ठाम मत आहे. वाळूच्या घड्याळासारख्या बांध्याची अडचण दिसण्याची नसते, मापाची असते: छाती आणि नितंबांना बसणारा पोशाख कमरेत सुटतो, म्हणून वरचा आणि खालचा भाग वेगवेगळ्या आकारात घेणे सोयीचे ठरते.

छाती भरलेली असेल तर सर्व लक्ष आधारावर द्यावे, कारण येथे दिसणे आणि आराम हे एकाच शिवणीवर अवलंबून असतात. मुख्य भार छातीखालच्या पट्ट्याने उचलायला हवा. खांद्यावरचे पट्टे फक्त साहाय्यक. मानेमागे बांधायच्या पोशाखात बराच भार मानेवर येतो आणि तासाभरात मान दुखू लागते. छातीखालचा पट्टा घट्ट, आडवा आणि पाठीवर वर न सरकणारा असावा, खांद्यावरचे पट्टे रुंद आणि कमीजास्त करता येणारे असावेत, आणि शक्य असेल तर अंतर्वस्त्रांप्रमाणे कपच्या मापाने मिळणारा पोशाख घ्यावा. छाती लहान असेल तर चुण्या, झालर आणि मध्ये गाठ असलेला वरचा भाग भरीवपणा देतो. आतल्या फोमच्या गाद्या मात्र पाणी शोषून जड होतात, म्हणून त्या काढता येण्याजोग्या असाव्यात.

पोटाच्या बाबतीत लोक सर्वाधिक चिंता करतात आणि सर्वाधिक चूकही करतात. आवळून बसणारा उंच कमरेचा भाग पोट सपाट करील अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात त्याचा वरचा काठ अंगात रुतला की त्याच्यावर एक नवी वळी तयार होते. उंच कमरेचा भाग नैसर्गिक कमरेवर, म्हणजे धडाच्या सर्वांत निमुळत्या जागी संपायला हवा आणि बसल्यावरही तिथेच राहायला हवा. पोटावर आडव्या-तिरक्या चुण्या घातलेले कापड सर्वांत क्षमाशील असते, कारण चुण्यांच्या सावल्यांमध्ये खालचा उंचवटा वाचता येत नाही. लांब बनियनसारखा वरचा भाग असलेली टँकिनी घेतली, तर तिचा काठ पोटाच्या सर्वांत गोल जागी न येता त्याच्या खाली, नितंबांच्या हाडाजवळ यावा. धड आखूड असेल तर उंच कमरेचा भाग उरलेले धड गिळून टाकतो, हेही ध्यानात ठेवावे.

पुरुषांसाठी रेषा कमी, पण नियम तेच. गुडघ्याखाली उतरलेली ढगळ चड्डी पाय आखूड दाखवते, आणि ओली झाली की मांड्यांना चिकटून चालणेही अवघड करते. मांडीच्या मध्यापासून गुडघ्याच्या चार बोटे वरपर्यंत कुठेतरी संपणारी चड्डी बहुतेकांना शोभते. उंची कमी असेल तर काठ वर, पाय फार सडपातळ असतील तर थोडा खाली आणि घेर कमी. पोट पुढे आलेले असेल तर रुंद, सपाट कमरपट्टा आणि नाडी हवी. नुसते अरुंद इलॅस्टिक पोटाखाली घसरत जाते.

शस्त्रक्रियेत स्तन काढावा लागलेल्या स्त्रियांसाठी कृत्रिम स्तन नीट बसावा म्हणून आत कप्पा शिवलेले पोशाख मिळतात. त्यांचा गळा आणि काखेचा काप जरा उंच असतो. अंग झाकलेले असावे असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी लांब बाह्यांचे, पूर्ण पायांचे पोशाखही आहेत. ऑस्ट्रेलियातील आहेदा झनेट्टी यांनी घडवलेली बर्किनी त्यांपैकीच एक. असा पोशाख घेताना एकच पाहावे: कापड पाण्यात फुगू नये आणि सैल भाग पायात अडकू नये.

कापडाची गोष्ट थोडक्यात, पण ती टाळता येणार नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी पोहण्याचे पोशाख लोकरीचे असत आणि पाण्याने जड होऊन लोंबत. आजच्या पोशाखाची घट्ट बसण्याची क्षमता ज्या धाग्यातून येते तो स्पँडेक्स, ज्याला इलास्टेन किंवा लायक्रा या नावांनीही ओळखतात, १९५८ मध्ये जोसेफ शिव्हर्स यांनी अमेरिकेतील ड्यूपाँट कंपनीत शोधला. तो नायलॉन किंवा पॉलिएस्टरसोबत विणला जातो. तलावातले क्लोरीन हा या धाग्याचा वैरी आहे. नियमित तलावात पोहणाऱ्यांनी पॉलिएस्टर अधिक असलेले कापड घ्यावे, ते ताण थोडा कमी देते पण टिकते. कापड ओले झाले की किंचित सैल पडते, म्हणून कोरडे असताना पोशाख टोचणार नाही इतपत घट्ट असावा. आणि फिकट कापड ओले झाल्यावर पारदर्शक का होते, तर कोरड्या कापडात धाग्यांमधली हवा प्रकाश सगळीकडे विखुरते. तिची जागा पाण्याने घेतली की विखुरणे कमी होते आणि प्रकाश आरपार जातो. पांढरा किंवा पिवळा पोशाख आवडला असेल तर संपूर्ण अस्तर आहे का ते पाहावे, आणि घरी एकदा भिजवून उजेडात तपासावे.

आता खालचे टोक. कपडे लांब असताना पादत्राण हा पोशाखाचा एक लहान भाग असतो. पाय उघडे असताना ते संपूर्ण रेषेचा शेवट ठरते. पादत्राणाचा वरचा काठ पायावर जितका खाली, म्हणजे बोटांच्या जवळ, तितका पाय लांब दिसतो. घोट्याभोवतीचा पट्टा ही रेषा कापतो, म्हणून उंची कमी असेल किंवा घोटे जाड असतील तर तो टाळावा, किंवा निदान आपल्या त्वचेच्या रंगाच्या जवळचा घ्यावा. त्वचेच्या रंगाचे पादत्राण पायाला जणू बोटांपर्यंत नेते, मग तो रंग गव्हाळ असो, तांबूस असो वा गडद तपकिरी. उलट पाय फार लांब, सडपातळ असतील तर घोट्यावरचा पट्टा किंवा उठावदार रंग शोभून दिसतो.

पादत्राणाच्या वजनाचाही विचार करावा. भरीव बांध्याखाली कागदासारखा पातळ तळ आणि दोरीसारखे पट्टे असले की वरचा भाग अधिक जड वाटतो. थोडा जाड तळ, रुंद पट्टे किंवा सलग उंचावत गेलेली टाच त्याला तोलून धरते. बारीक पोटऱ्यांखाली मात्र फार अवजड तळ पाय काटकुळे दाखवतो. टाच उंच केली की पोटरीचा स्नायू आकसून वर सरकतो आणि पायाला वळण येते, यात तथ्य आहे. पण त्याच वेळी शरीराचा भार चवड्यावर ढकलला जातो, आणि ओल्या फरशीवर उंच टाच म्हणजे उघड धोका. पाण्याकाठी उंची हवीच असेल तर तीनचार सेंटिमीटरचा, पुढून मागे सलग चढत जाणारा तळ पुरेसा आहे.

पाऊल रुंद असेल तर चवड्याच्या सर्वांत रुंद जागेवर आडवा येणारा पट्टा दुखतोही आणि रुंदीही दाखवतो. तिरके किंवा एकमेकांना छेदणारे पट्टे घ्यावेत. अंगठ्याच्या मुळाशी हाड बाहेर आलेले असेल तर त्या हाडावर कोणतीही शिवण नको. पाऊल लांब असेल तर गोल टोक आणि मध्यावर एखादा पट्टा लांबी तोडतो.

पण हे सगळे माप बरोबर असेल तरच. पावलाचे माप संध्याकाळी घ्यावे, कारण दिवसभरात पाऊल थोडे सुजते. दोन्ही पायांवर भार देऊन उभे राहून घ्यावे. दोन्ही पावलांचे घ्यावे आणि मोठे धरावे. सर्वांत लांब बोट अंगठाच असेल असे नाही, पुष्कळांचे दुसरे बोट लांब असते. बंद पादत्राणात त्या बोटापुढे सुमारे एक सेंटिमीटर जागा हवी. युरोपीय मापात एका क्रमांकाचा फरक दोन तृतीयांश सेंटिमीटरचा, तर ब्रिटिश मापात एक तृतीयांश इंचाचा, म्हणजे सुमारे साडेआठ मिलिमीटरचा असतो. म्हणून एका पद्धतीतला क्रमांक दुसऱ्यात नेमका बसत नाही. टाचेपासून चवड्यापर्यंतचे अंतरही मोजायला हवे. पादत्राण जिथे वाकते ती जागा आणि पाऊल जिथे वाकते ती जागा एक असावी लागते, आणि सारख्याच लांबीच्या दोन पावलांत ती वेगळी असू शकते, कारण कोणाची बोटे लांब तर कोणाची आखूड. अमेरिकेतील चार्ल्स ब्रॅनॉक यांनी १९२० च्या दशकात बनवलेले मापयंत्र म्हणूनच लांबी, रुंदी आणि हे अंतर अशी तिन्ही मापे घेते.

पाण्याकाठच्या पादत्राणाचा तळ मऊ रबराचा, बारीक खाचांचा असावा, म्हणजे पाणी त्या खाचांतून बाजूला ढकलले जाते आणि तळ फरशीला धरतो. ईव्हीए या फोमसारख्या हलक्या प्लास्टिकच्या सपाता आरामशीर असतात, पण कडक उन्हात किंवा बंद गाडीत तापल्या तर आकसतात. अंगठ्याच्या फटीत पट्टी असलेल्या चपलेला बोटांनी सतत धरून ठेवावे लागते, म्हणून लांब चालण्यासाठी ती योग्य नाही. खडकाळ किनाऱ्यावर बंद, जाळीदार पाणबूटच हवेत. मधुमेहामुळे ज्यांच्या तळव्यांची संवेदना कमी झाली आहे त्यांनी तापलेल्या वाळूवर किंवा फरशीवर अनवाणी पाऊल टाकू नये, कारण चटका बसलेला त्यांना कळतही नाही.

शेवटची चाचणी दोन्ही वस्तू एकत्र घालून करावी. हात डोक्यावर न्यावेत, खाली वाकावे, मांडी घालून बसावे, दहावीस पावले झपाझप चालावे आणि मग न ओढता, न सावरता आरशात पाहावे: काठ होता तिथेच आहे का, पट्टा रुतला का, टाच पादत्राणाच्या मागे लोंबते का. वापरानंतर पोशाख लगेच थंड, साध्या पाण्यात खळबळून काढावा, पिळू नये, सावलीत पसरून वाळवावा. मागच्या बाजूचे कापड ताणून पाहिल्यावर ते हळूहळू परत येत असेल किंवा त्यातून पांढरट रबरी धागे डोकावू लागले असतील, तर ताण संपला आहे आणि पोशाख बदलायची वेळ झाली आहे. पादत्राणाच्या तळाच्या खाचा बोटाला लागेनाशा झाल्या की त्याचीही वेळ भरली.